नांगर टाकून गप बसायचं

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या डाव्या कानात नुसतं कुंईऽऽ वाजत होतं. मिरवणूक आमच्या दारावरूनच जाते, त्यामुळं पळून जायची सोय नाही, आणि खरं सांगायचं तर पळायची इच्छापण नसते, मंडळाचा टी-शर्ट घालून डॉल्बीच्या पुढं मीच असतोय. पण आता पन्नाशी जवळ आली, पूर्वीसारखं झेपत नाही एवढंच.

आणि त्यानंतर बरोबर नवव्या दिवशी मी अशा ठिकाणी बसलो होतो की बोटीच्या बुडाला पाणी लागून चुबूक चुबूक व्हायचं तेवढाच आवाज. बाकी काय नाही. मेव्हणा शेजारी बसलेला, तो बराच वेळ कानात बोट घालून हलवत होता, शेवटी म्हणाला, "दाजी, माझ्या कानाला कायतरी झालंय काय हो?"

तर ही गोष्ट सेशेल्सची. मेव्हण्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, त्यानं कुठंतरी रील बघितलं आणि डोक्यात घेतलं की शिडाच्या बोटीनं बेटं फिरायची. मी म्हटलं अरे आपण उद्यमनगरातली माणसं, लेथ आणि भट्टी सोडून काय येत नाही आपल्याला, बोट म्हणजे रंकाळ्यातली. पण बायकोनं आणि तिच्या वहिनीनं मिळून परस्पर तारखा ठरवल्या, मग विषय संपला. खर्च विचारू नका. एक गाडी घ्यायची होती ती आता घेणार नाही एवढं समजा.

सेशेल्स म्हणजे हिंदी महासागरात विषुववृत्ताच्या खाली चार ते दहा अंशांत पसरलेली ११५ बेटं. अख्ख्या देशाची लोकसंख्या लाख-सव्वालाख, म्हणजे आपल्या कोल्हापूर शहराच्या पाचव्या हिश्श्याएवढी. व्हिसा लागत नाही, आधी ऑनलाइन एक परवानगी काढावी लागते. महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई आणि तिथनं विमान, उतरल्यावर घड्याळ दीड तास मागं घ्यायचं. चलन पण रुपयाच, फक्त त्यांचा. राजधानी व्हिक्टोरिया, माहे नावाच्या मोठ्या बेटावर, आणि शहर म्हणजे आपला महाद्वार रोड आणि आजूबाजूच्या चार गल्ल्या मिळून होईल तेवढंच. पण त्या एवढ्याशा गावात भर वस्तीत गणपतीचं देऊळ! तमिळ लोकांनी बांधलंय, रंगीत गोपुराचं, नवशक्ती विनायगर म्हणून. बायको हात जोडून म्हणाली, आत्ता आठ दिवसांपूर्वी पंचगंगेत सोडला आणि हे बघा, आपल्या आधी येऊन बसलाय.

बोट होती कॅटमरान. म्हणजे दोन होड्या शेजारीशेजारी ठेवायच्या, वर माळा टाकायचा, आणि मधोमध डोलकाठी. एका बुडाची बोट वाऱ्यानं एका अंगावर कलते तशी ही फारशी कलत नाही म्हणून आमच्यासारख्या घाटावरच्या लोकांना हीच देतात. आमच्यातल्या कुणाकडंच लायसन नाही त्यामुळं स्किपर सोबत घेतला. तिथलाच माणूस, साठीचा, काळासावळा, कमी बोलणारा, आम्ही त्याला कॅप्टन म्हणायचो आणि तो आम्हाला काहीच म्हणायचा नाही. पहिल्या दिवशी त्यानं दोनच गोष्टी सांगितल्या. एक, सूर्य बुडायच्या आत नांगर पडलेला पाहिजे, रात्री बोट चालवायची नाही, खडक आणि प्रवाळ दिसत नाहीत. दोन, गोडं पाणी जपून.

आता पाण्याचं सांगायचं तर आमच्या घरात अंघोळ म्हणजे दोन बादल्या. बोटीवर सगळ्यांना मिळून टाकीत काहीशे लिटर, तेवढ्यात आठवडा काढायचा. पहिल्या दिवशी संध्याकाळी मेव्हणा आत शिरला तो वीस मिनिटं बाहेरच येईना, कॅप्टननं जाऊन पंपाचा खटका बंद केला, आतनं साबण लावलेल्या आवाजात ओरडा. दुसऱ्या दिवसापासून समुद्रात उडी, तिथंच साबण, आणि शेवटी तांब्याभर गोडं पाणी डोक्यावर. बायका मात्र यात लगेच तयार झाल्या, कारण २०१९ च्या पुरात आणि परत २०२१ ला पण चारी बाजूनं पाणीच पाणी आणि पंपिंग स्टेशन बुडाल्यामुळं नळाला थेंब नाही, टँकरमागं घागरी घेऊन पळायचं, हे आम्ही बघितलंय. एका तांब्यात कुल्ला करण्यापासून भांडी धुण्यापर्यंत सगळं बसवता येतं हे त्यांना शिकवायला लागलं नाही.

पहिला मुक्काम जवळच, माहेच्या समोर सेंट ॲन नावाचं समुद्री राष्ट्रीय उद्यान आहे, १९७३ पासूनचं. त्यात एक बेट आहे मोयेन. जेमतेम नऊ हेक्टर, म्हणजे बावीस-तेवीस एकर. आमच्या गावाकडं एवढी जमीन एका भावकीत असते आणि तिच्यावर अकरा केसी चालू असतात. हे बेट ब्रेंडन ग्रिमशॉ नावाच्या एका इंग्रज पत्रकारानं १९६२ साली आठ हजार पौंडाला घेतलं. घेतलं तेव्हा नुसतं रान, झुडपांची एवढी दाटी की नारळ पडला तर जमिनीला लागायचा नाही असं सांगतात. मग हा माणूस आणि रेने लाफोर्च्यून नावाचा तिथलाच एक तरुण, दोघांनी मिळून वर्षानुवर्षं सोळा हजार झाडं लावली. वाटा काढल्या. मोठी कासवं आणून सोडली, ती वाढत वाढत शंभरावर गेली. पुढं पुढं लोक मागतील ती किंमत द्यायला तयार होते हॉटेल बांधायला. दिलं नाही. २००८ साली त्या बेटाला स्वतंत्र राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१२ ला म्हातारा गेला, तिथंच पुरलाय, वडलांच्या शेजारी.

आम्ही वाटेनं चढत होतो तर मेव्हणा म्हणाला, "किती शांत आहे नाही, निसर्गच तसा." मला ते पटेना. निसर्ग कुठला, दोन माणसांनी चाळीस वर्षं कुदळ मारलीय त्याची ही शांतता आहे. बोललो नाही, पण ते डोक्यात राहिलं आणि पुढं प्रत्येक बेटावर मी तेच बघत बसलो, की बाबा हे बेट गप का आहे, कुणी केलं गप.

दुसऱ्या दिवशी प्रालिनला निघालो. माहेपासून चोवीसेक सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर, आणि तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. आमची बोट सहा-सात नॉटनं जाणार, म्हणजे तासाला बारा किलोमीटर, म्हणजे आमच्या गल्लीतले काका सायकलनं दूध आणायला जातात त्या स्पीडनं चार तास समुद्रातनं जायचं. सप्टेंबरात तिथं आग्नेयेकडचा वारा असतो, मे पासूनच चालू झालेला, आणि आम्ही चाललो ईशान्येला, त्यामुळं वारा बरोबर उजव्या कुशीवर. शिडाच्या बोटीला हा वारा झकास. वारा एकदम पाठीमागनं असला की बोट सगळ्यात जोरात पळत असेल असं मला वाटायचं, तसं नसतं. शीड विमानाच्या पंखासारखं काम करतं, वारा त्याच्या दोन्ही बाजूंनी वाहिला की ते ओढून घेतं, आणि बोट आडवी सरकू नये म्हणून खाली बुडाला पातं असतं, ते पाण्याला धरून ठेवतं, मग पुढं जाण्याशिवाय दुसरी वाटच राहत नाही. आपल्याकडं बैल कासऱ्यानं दोन्हीकडनं आवळला की सरळ चालतो, तसंच की. इंजिन बंद केल्यावर आधी दोन मिनिटं भीती वाटली, बंद पडलं काय म्हणून. मग बोटीनं वारा धरला आणि अंगावर काटा आला हो.

अर्थात हे सगळं मला. वहिनींना अर्ध्या तासात बोट लागली. हिरव्या पडल्या बिचाऱ्या. कॅप्टननं त्यांना आत खोलीत जाऊ दिलं नाही, बाहेर बसवलं आणि क्षितिजाकडं बघत राहायला सांगितलं, कारण आत गेलं की डोळ्याला सगळं स्थिर दिसतं आणि कानातला तोल सांगतो की हलतंय, दोघांचं भांडण लागतं आणि निकाल पोटात. वहिनी चार तास क्षितिजाकडं बघत बसल्या, मधनं मधनं मेव्हण्याकडं बघत होत्या. ते बघणं मी लिहिणार नाही.

रात्रीचा मुक्काम प्रालिनच्या समोरचं क्यूरियूज बेट. आणि इथं माझी चूक झाली ती सांगतो. नांगर सोडायचं काम मी हौसेनं मागून घेतलं होतं. साखळी, मोटर, गिअर, हा आपला प्रांत. मला मजा याची वाटते की मराठीत शेतातला पण नांगर आणि बोटीचा पण नांगर, एकच शब्द, आणि काम पण एकच, जमिनीत रुतायचं. नुसत्या वजनानं बोट धरत नाही तो. फाळ वाळूत घुसायला पाहिजे आणि तो घुसतो कधी, तर ओढ आडवी असेल तेव्हा, म्हणून साखळी भरपूर सोडायची, पाणी पाच मीटर असेल तर पंचवीस-तीस मीटर, म्हणजे ती तळावर पसरून राहते आणि नांगराला वर उचलू देत नाही. साखळीवर दर दहा मीटरला रंगाचा पट्टा मारलेला. मी गप्पा मारत मोजत होतो. एक पट्टा जास्त मोजला.

रात्री दोन वाजता अलार्म. बोट सरकत होती. कॅप्टन चड्डीवर पळत आला, इंजिन चालू, मी टॉर्च घेऊन पुढं, बायको विचारते बुडतोय का, मेव्हणा लाइफ जॅकेट उलटं घालून उभा. पाच-सात मिनिटांचा खेळ. परत नांगर टाकला, परत साखळी, या वेळी मी तोंडानं मोठ्यानं मोजली. कॅप्टन काही बोलला नाही. सकाळी चहा देताना फक्त तीन बोटं दाखवली आणि म्हणाला, तीन पट्टे. दोन नाही, तीन. बास. शिरोलीतल्या आमच्या पहिल्या फोरमनची आठवण झाली, तो पण असाच होता, ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

क्यूरियूजवर उतरलो की आधी कासवं भेटतात. मोठी म्हणजे किती, तर आपल्या चारचाकीचं बॉनेट असावं तशी पाठ. अल्डाब्रा नावाचं लांबचं प्रवाळबेट आहे, हजारभर किलोमीटरवर, तिथनं १९७८ नंतर आणून इथं सोडली. गळ्याखाली खाजवलं की मान लांब करून, चारी पाय ताणून उभी राहतात, डोळे मिटून. बायको एकीला पाऊण तास खाजवत बसली. माझ्याकडं बघून म्हणाली, ही निदान थांबून ऐकून तरी घेते.

मग खारफुटीतनं लाकडी वाट आहे, ती पलीकडच्या किनाऱ्याला निघते आणि वाटेत दगडी भिंती लागतात, छप्पर नसलेल्या. मला वाटलं जुना वाडा. ती कुष्ठरोग्यांची वस्ती होती. १८३३ साली सुरू केली, आणि १९६५ ला बंद झाली. रोग झाला की माणसाला आणून या बेटावर ठेवायचं. पलीकडच्या किनाऱ्यावर डॉक्टरचं लाकडी घर अजून आहे, १८७३ चं, व्हरांड्याचं, आता त्यात म्युझियम केलंय. समोर प्रालिन एवढं जवळ दिसतं की तिथल्या चुलीचा धूर दिसत असणार त्या लोकांना. एक-दीड किलोमीटर पाणी मध्ये. बघत बसायचं नुसतं.

आम्ही शाळेत असताना शेंडा पार्काकडनं सायकलवरनं जायचो, तिथं कुष्ठधाम होतं, आणि तेवढा रस्ता आम्ही पोरं श्वास रोखून पायडल मारायचो. कुणी शिकवलं होतं माहीत नाही. ते मला त्या भिंतीपाशी आठवलं. हे बेट गप का, तर कोणी इथं यायला तयार नव्हतं म्हणून झाडी राहिली, मासे राहिले. आता त्याचंच आपण तिकीट काढून कौतुक करतोय. मी मेव्हण्याला सांगितलं तर तो नुसतं हूं म्हणाला आणि मग बराच वेळ फोटो काढले नाहीत त्यानं.

प्रालिनवर व्हॅले द मे म्हणून एक रान आहे, अठ्ठेचाळीसेक एकराचं, १९८३ पासून जागतिक वारसा यादीत. १८८१ साली गॉर्डन नावाचा इंग्रज सेनापती इथं येऊन म्हणाला होता की बायबलातली ईडनची बाग हीच. त्याला असं वाटायचं कारण म्हणजे तिथला नारळ. जोडनारळ, कोको द मेर. जगातलं सगळ्यात जड बी, वीस-पंचवीस किलोपर्यंत जाणारं, एक फळ पिकायला सहा-सात वर्षं, आणि निसर्गतः उगवतो तो फक्त प्रालिन आणि क्यूरियूजवर, बाकी पृथ्वीवर कुठं नाही. त्याचा आकार कसा असतो ते इथं लिहीत नाही, घरातली मोठी माणसं पण हे वाचतात. बायका हसत होत्या आणि आम्ही दोघं झाडाच्या शेंड्याकडं बघत होतो एवढं सांगतो. नर झाड वेगळं असतं, त्याचा तुरा बघितल्यावर आम्ही शेंड्याकडं बघायचं पण बंद केलं.

पण खरी गंमत पुढं आहे. या बेटांवर वस्ती झाली १७७० ला, फ्रेंचांनी केली. त्याच्या कित्येक शतकं आधीपासून हे नारळ मालदीवच्या आणि आपल्या किनाऱ्याला लागत होते. झाड कुणी बघितलेलंच नाही, म्हणून लोक म्हणायचे की समुद्राच्या तळाला झाड आहे, तिथनं हे येतं. म्हणून आपल्याकडं नाव पडलं दर्याचा नारळ. वैद्य-हकीम त्याचं औषध करायचे, आणि कवटीचं काय करायचे? कमंडलू! साधूंच्या हातात ते काळं, होडीच्या आकाराचं असतं बघा, ते हे. मी नृसिंहवाडीला लहानपणापासून जातोय, शेकडो वेळा बघितलंय, मला आपलं वाटायचं भोपळा असेल. तिथल्या गाइडनं अजून एक सांगितलं, ताजा नारळ पाण्यात टाकला तर दगडासारखा बुडतो. आतलं कुजून गेलं, रिकामा झाला, की मग तो वर येतो आणि तरंगत निघतो. म्हणजे आपल्याकडं आले ते सगळे मेलेले. एकपण रुजला नसता.

विकत मिळतो, सरकारी नंबर आणि सर्टिफिकेट असतं, त्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. किंमत ऐकून मी पिशवी घडी करून खिशात ठेवली.

कूजाँ बेटाचं मात्र वेगळंच. तिथं आपली डिंगी, म्हणजे बोटीवरची छोटी होडी, लावूच देत नाहीत. लांब बोट थांबवायची, बेटावरचे रक्षक त्यांच्या होडीनं येऊन आपल्याला घेऊन जातात, कारण आपल्या सामानातनं एक उंदीर जरी उतरला तरी खेळ खलास, सगळे पक्षी जमिनीवर आणि खालच्या फांद्यांवर अंडी घालणारे. पूर्वी तिथं नारळाची बाग होती. १९६८ साली पक्षी वाचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं बेटच विकत घेतलं, कारण सेशेल्स वॉर्बलर नावाचा चिमणीएवढा पक्षी जगात तीसच्या आत उरला होता, आणि तो पण फक्त तिथं. आता तो काही हजारांवर आहे, आणि बाकीच्या बेटांवर पण नेऊन सोडलाय. पांढरी सुरय म्हणून एक पक्षी बघितला, घरटंच करत नाही. आडव्या फांदीवर एक अंडं ठेवते आणि बसते. वारा सुटलेला, फांदी हलतेय, बाई निवांत. वहिनी म्हणाल्या, आणि आपण पोरांच्या हॉस्टेलला मॅट्रेस कसली आहे म्हणून भांडतो.

आणि आवाज! अहो काय आवाज. झाडावर पक्षी, जमिनीत बिळातनं कण्हणारे पक्षी, डोक्यावर शिटणारे पक्षी. माझ्या टोपीवर दोनदा. मेव्हणा खूश, म्हणाला, "दाजी, विसर्जन मिरवणूकच की ही!" त्या आठ दिवसांतलं सगळ्यात निर्मनुष्य बेट हे, आणि सगळ्यात जास्त गोंगाट इथंच.

ला दीगबद्दल थोडक्यातच. सगळ्या फोटोत दिसतात ते गुळगुळीत ग्रॅनाइटचे खडक तिथले, सायकलवर फिरायचं, छान आहे, पण गर्दी आहे आणि किनाऱ्यावर बारीक माश्या चावतात, आठवडाभर खाजत होतं. तिथल्या उंडीच्या झाडांना ते टकामाका म्हणतात, कोकणातलीच उंडी. नीरफणस पण आहे, त्याचे काप तळून देतात, आणि ते खाल्ले की माणूस परत येतोच असं तिथं म्हणतात. मी दोन प्लेट खाल्ले, बघू. शेवटच्या रात्री बायकोनं बोटीवर तांबडा रस्सा केला, चटणी घरनं नेलेलीच, वाटपाला नारळ तिथला. कॅप्टन आठ दिवस काही बोलला नव्हता, त्यानं पहिला घोट घेतला, डोळ्यातनं पाणी, थोडा थांबला, आणि वाटी पुढं केली. आजूबाजूला नांगरलेल्या दोन बोटींवरची माणसं उठून वास कुठनं येतोय ते बघत होती.

परत आल्यावर पौर्णिमेला आईला घेऊन नृसिंहवाडीला गेलो. घाटावर एक बैरागी बसलेला, शेजारी कमंडलू, काळंभोर. मी जाऊन उकिडवा बसलो आणि सांगितलं, महाराज, हे कुठलं झाड आहे ते मी बघून आलो, असं असं बेट आहे, आमचं जहाज असं असं गेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग कमंडलू उचलून पालथं करून दाखवलं. बुडाला बारीक चीर होती, मेण लावून बुजवलेली, तरी पाझरत होती. म्हणाले, "गुरूंनी दिलं, त्यांना त्यांच्या गुरूंनी. ते झाड बघितलंस ते चांगलं झालं. हे गळायचं थांबेल असं काय आहे काय तुझ्याकडं?"

मी म्हटलं उद्यमनगरात ॲराल्डाइट मिळतं, पुढच्या पौर्णिमेला घेऊन येतो.